सचिवाची सही : १८८५ ते २०२३

१/
१४ जुलै २०१३ रोजी भारतातील तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी तारघरांसमोर रांगा लागल्या, आठवण म्हणून लोकांनी एकमेकांना तारा पाठवल्या. तार गेली, तारेचा कायदा मात्र गेला नाही. पुढे चार वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, इंटरनेट बंद ठेवण्यासंबंधीचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने प्रथमच केले. त्यांना आधार होता १८८५ च्या भारतीय तार कायद्याचा! आजचा धागा त्या कायद्याविषयी आणि त्याच्या वारसाविषयी.

२/
डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला. तेव्हापासून एक वाक्य वारंवार ऐकू येते : वसाहतकालीन कायदा गेला, गुलामीची आणखी एक खूण पुसली गेली. हे वाक्य इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, असे माझे प्रतिपादन आहे. कायद्याचे नाव बदलले, शिक्षा आणि दंड बदलले, व्याख्या बदलल्या. मात्र वसाहतवादी सत्तेचे ज्यात खरे मर्म होते, ते कलम जवळजवळ जसेच्या तसे पुढे आले आहे. इतकेच नव्हे, तर ते अधिक सामर्थ्यवान झाले आहे.

३/
प्रथम मूळ कायदा पाहू. १८८५ चा तेरावा कायदा. कलम ४ म्हणते, तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. इतर कोणीही ती चालवायची तर सरकारच्या परवान्याने. कलम ५ म्हणते, सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यास सरकार तारयंत्रणा ताब्यात घेऊ शकते, संदेश अडवू शकते, वाचू शकते, पुढे जाण्यापासून रोखू शकते.

४/
मग प्रश्न येतो : आणीबाणी आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? मूळ कायद्याने याचे उत्तर निःसंकोच देऊन ठेवले होते. शंका उपस्थित झाल्यास सरकारच्या सचिवाने सही केलेला दाखला हा त्या बाबतीत निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे संदेश अडवणारे सरकार, कारण सांगणारे सरकार, आणि ते कारण खरे असल्याचा दाखला देणारेही सरकारच. या धाग्यात आपण याच सहीचा माग काढणार आहोत.

५/
हे का झाले, ते समजणे कठीण नाही. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास बातमी गेली आणि पंजाबातील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. तार म्हणजे राज्य टिकवण्याचे साधन, हा धडा राज्यकर्त्यांनी तेथे गिरवला. जे साधन आपल्याला वाचवते ते उद्या प्रजेच्या हाती गेले तर काय, ही चिंता त्या धड्याचाच भाग होती. परकीय सत्तेच्या दृष्टीने कलम ५ पूर्णपणे तर्कशुद्ध होते. प्रजेवर विश्वास नसलेल्या राज्याने असाच कायदा करावा.

६/
येथे एक तुलना उद्बोधक ठरते. लिटनचा १८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्याविरुद्ध देशभर ओरड झाली आणि १८८२ मध्ये रिपनने तो रद्द केला. जेमतेम चार वर्षांचे आयुष्य! तार कायदा पाठ्यपुस्तकात अभावानेच भेटतो. तो जगला १३८ वर्षे. छापलेला शब्द दाबला की वाचकाला कोरी जागा दिसते आणि तो संतापतो. तारेवरचा शब्द दाबला तर तो निघालाच होता हेदेखील कोणाला कळत नाही. ज्या नियंत्रणाचा व्रण दिसत नाही त्याविरुद्ध चळवळ उभी राहत नाही.

७/
आता आकाशवाणी. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले; उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विन यांनी केले. कंपनी खासगी होती आणि ती तीन वर्षांतच बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले आणि १९३६ मध्ये त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. दरम्यान १९३३ च्या बिनतारी संदेश कायद्याने परवान्याशिवाय रेडिओसंच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. बोलण्यावर नियंत्रण होतेच. आता ऐकण्यालाही परवाना लागला. स्वतंत्र भारतातही कित्येक दशके घरोघरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन दरसाल परवान्याचे पैसे भरावे लागत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. कोणाच्या तरी ट्रंकेत ते पुस्तक अजून असेल.

८/
या व्यवस्थेला सर्वांत धाडसी आव्हान मुंबईतूनच मिळाले. ऑगस्ट १९४२. नेते तुरुंगात, वृत्तपत्रांच्या मुसक्या आवळलेल्या. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. प्रक्षेपक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवत सुमारे अडीच महिने त्यांनी बातम्या आणि भाषणे प्रसारित केली. राममनोहर लोहिया यांचा त्यांना मोठा आधार होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या येरवड्यास गेल्या.

९/
त्या प्रसारणांत काय बोलले गेले, हे आज आपल्याला कसे कळते? मोठ्या प्रमाणावर पोलिसांमुळे! त्यांनी ती प्रसारणे ऐकून टिपून ठेवली आणि तो मजकूर खटल्याच्या कागदांत उरला. साम्राज्य दडपशाही करत होते, पण दडपशाहीची दप्तरे नीट लावून ठेवत होते. हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे त्याची गरज पडेल.

१०/
१९४७ नंतर काय झाले? मार्च १९४८ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत सांगितले की प्रसारणाची रचना शक्य तितकी बीबीसीसारखी, निमस्वायत्त असावी असे आपले मत आहे; मात्र ते तूर्त शक्य नाही. हे 'तूर्त' फार लांबले. प्रसार भारती कायदा संमत व्हायला १९९० उजाडले आणि तो अमलात यायला १९९७. दरम्यान एकेका सरकारला कळून चुकले होते की इंग्रजांनी मागे ठेवलेले हे हत्यार हाताला चांगलेच बसते.

११/
त्या हत्याराचा एक काहीसा विनोदी वापर आपल्याच मराठी माणसाने केला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते निस्सीम पुरस्कर्ते, आणि त्या क्षेत्रात आकाशवाणीने त्यांच्या काळात केलेले काम खरोखर मोठे आहे. पण चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांना वाटले आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. बिनाका गीतमाला घरोघरी पोहोचली ती याच काळात. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

१२/
या किश्श्यावर आपण हसतो, परंतु त्यातील तत्त्व गंभीर आहे. एका सुसंस्कृत, सद्हेतू बाळगणाऱ्या मंत्र्याला कोट्यवधी लोकांनी काय ऐकावे हे ठरवता आले, कारण कलम ४ ने ध्वनिलहरींचे दार एकाच किल्लीने बंद केले होते. किल्ली सज्जनाच्या हाती असताना फक्त गाणी थांबली. ती अन्य कोणाच्या हाती गेली तेव्हा काय थांबले, ते आता पाहू.

१३/
२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. आकाशवाणीची वीज तोडण्याचे कारणच नव्हते. ती सरकारचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधानांनी तिच्यावरूनच देशाला आणीबाणी कळवली. पुढच्या वर्षी किशोरकुमार यांनी सरकारच्या प्रचारकार्यात सहभागी होण्यास नकार दिला, तेव्हा त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली. केसकरांच्या काळात प्रश्न अभिरुचीचा होता. येथे तो सूडाचा झाला. किल्ली मात्र तीच.

१४/
न्याय्य बोलायचे तर मधल्या काळात कायदा थोडा सुधारला होता. १९७२ च्या दुरुस्तीने सचिवाचा तो 'निर्णायक' दाखला कलम ५ मधून काढला. संदेश अडवण्याची कारणे संविधानातील भाषेत बांधली : देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी. कारणे लेखी नोंदवण्याची अट आली. ही सुधारणा खरी होती. परंतु निर्णय सरकारचाच राहिला आणि तो तपासणारा बाहेरचा कोणी आला नाही.

१५/
१८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यासंबंधीच्या खटल्यात (पीयूसीएल विरुद्ध भारत सरकार) खासगीपणाचा हक्क मान्य केला आणि काही बंधने घातली. आदेश गृहसचिवांनी द्यावा, आणि तो एका पुनर्विलोकन समितीने तपासावा. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र आवश्यक ठरवली नाही. या समितीत कोण? केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि अन्य सचिव. २०१७ च्या इंटरनेटबंदीच्या नियमांतही हीच पद्धत आली. एका सचिवाने सही करायची, तीन सचिवांनी ती योग्य आहे का ते पाहायचे! १८८५ च्या मसुदाकारांनाही हे पटले असते.

१६/
आता २०२३ च्या कायद्याचे कलम २० काढा आणि जुन्या कलम ५ शेजारी ठेवून वाचा. 'सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी' ही सुरुवात तीच. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, ही साखळी तीच. भर पडली ती पुढे : दूरसंचार सेवा, किंवा सेवांचा एखादा वर्गच, बंद ठेवण्याचा स्पष्ट अधिकार. २०१७ पूर्वी जो नियमांतही स्पष्टपणे लिहिलेला नव्हता, तो आता मूळ कायद्यात बसला आहे. हे विधेयक संमत झाले त्या अधिवेशनात १४६ विरोधी खासदार निलंबित होते. आणि कलम २० अमलात आले ती तारीख पाहा : २६ जून २०२४. योगायोगच असेल, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो नोंदवायला हवा.

१७/
याच डिसेंबरात नवा टपाल कायदाही संमत झाला. त्यात टपाल अडवण्याच्या, उघडण्याच्या कारणांत 'आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हे शब्द आहेत आणि त्यांची व्याख्या नाही. १९८६ मध्ये टपाल उघडण्याचे व्यापक अधिकार देणारे विधेयक संसदेने संमत केले होते; राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते कधीच कायदा झाले नाही. सही करण्याइतकीच सही न करण्यालाही इतिहासात किंमत असते.

१८/
यावर येणारा आक्षेप हलका नाही, म्हणून तो पूर्ण ताकदीने मांडतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. कारण? मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही मोबाइलवर फिरणारी अफवा. अशा वेळी सरकारने हातावर हात धरून बसावे काय? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्याने संदेशस्वातंत्र्यावर बोलू नये.

१९/
माझे उत्तर असे. नियमन हवेच. लहरी मर्यादित असतात, त्यांचे वाटप कोणीतरी करावेच लागते. चिथावणी हा गुन्हा आहे आणि असावा. परंतु संपूर्ण जिल्ह्याचे इंटरनेट बंद करणे म्हणजे अफवा थांबवणे नव्हे. अफवेला इंटरनेट लागत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबई-पुण्यात पसरलेल्या अफवांना कोणते यंत्र होते? २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता काही तासांत देशभर गेली. सामान्य माणसाच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हते. बंदीत अफवेबरोबर तिचे खंडनही बंद होते. पोलिसांचा खुलासा, पत्रकाराची बातमी, 'मी सुखरूप आहे' हा घरच्यांचा निरोप, सारेच एका आदेशाने थांबते.

२०/
आणि या अधिकाराचा वापर अत्यंत अपवादात्मक प्रसंगीच होतो, असेही नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेले वेगवान मोबाइल इंटरनेट सर्वत्र परत आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. टाळेबंदीतील ऑनलाइन शिक्षण तेथील मुलांनी टूजीवर घेतले. मणिपूरमध्ये २०२३ साली बंदी महिनोन्‌महिने चालली. राजस्थानात भरती परीक्षेतील कॉपी रोखण्यासाठी इंटरनेट बंद ठेवले गेले. आपल्याकडे अमरावतीने ती नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिली, कोल्हापूरने जून २०२३ मध्ये, जालना-बीडने मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात. परीक्षेतील कॉपी ही 'सार्वजनिक आणीबाणी' असेल, तर त्या शब्दांत न बसणारे काय उरते?

२१/
१० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत, बंदी अमर्याद काळ चालू शकत नाही, ती प्रमाणशीर असावी. डिसेंबर २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीच्या अहवालातून उघड झाले की देशात किती वेळा इंटरनेट बंद केले गेले याची एकत्रित नोंद दूरसंचार विभागही ठेवत नाही आणि गृह मंत्रालयही. नवव्या पोस्टमधील मुद्दा आता आठवा. १९४२ च्या मुंबई पोलिसांनी गुप्त रेडिओचा मजकूर टिपून ठेवला. आपल्या प्रजासत्ताकाला बंद्यांची साधी यादी ठेवावीशी वाटली नाही. पन्नास वर्षांनी कोणी या दशकाचा इतिहास लिहू लागला तर कोणत्या दप्तरात पाहील?

२२/
हा कोणा एका पक्षाविरुद्धचा धागा नाही. १९७२ आणि १९७५ काँग्रेसचे. संगणकावरील 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी तुरुंगवास सांगणारे कलम ६६ अ हे २००८ च्या दुरुस्तीतले. त्याच कलमाखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईच्या बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले, तेव्हा त्याचे समर्थन करणारे सरकार दुसऱ्या पक्षाचे होते. २०२३ भाजपचे. सत्तेवर येणारा प्रत्येक जण आधीच्यावर टीका करतो आणि किल्ली खिशात टाकतो.

२३/
दुसरी वाट नव्हती असेही नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, हिरो चषकाच्या प्रक्षेपणाच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाने करावे. या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. तीस वर्षे झाली. प्रसारणासाठी ते स्वतंत्र प्राधिकरण आजही नाही. खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवायच्या. दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्या रात्रंदिवस ओरडत असताना रेडिओवरील बातमी मात्र अजून १९३० मध्येच आहे.

२४/
म्हणून मागणी काय? चारच गोष्टी. एक : 'सार्वजनिक आणीबाणी'ची व्याख्या कायद्यातच असावी. दोन : संदेश अडवण्याच्या आणि सेवा बंद करण्याच्या आदेशांची तपासणी न्यायिक व्यक्तीने करावी, ज्या ब्रिटनकडून आपण कलम ५ घेतले, त्या ब्रिटननेच २०१६ च्या कायद्यात संदेश अडवण्याच्या मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताच्या संमतीची अट घातली आहे. तीन : प्रत्येक बंदीची नोंद, कारणासह, विधिमंडळापुढे आणि जनतेपुढे ठेवावी. चार : १९९५ च्या निकालातील स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करावे. यातील एकाही मागणीने राईनपाड्यासारख्या प्रसंगी पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. बांधला जातो तो केवळ कोणी न तपासता सही करणारा हात.

२५/
वसाहतवादाचे उच्चाटन ही गंभीर गोष्ट आहे, आणि ती कायद्याचे वर्ष बदलून होत नाही. परकीय सत्तेचा पाया प्रजेवरील अविश्वास हा होता. प्रजेचा नागरिक झाला तेव्हा तो अविश्वास कायद्यातून जायला हवा होता. १९७२ मध्ये सचिवाचा दाखला कलमातून वगळला गेला. सचिवाची सही मात्र राहिली. ती जोवर स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देते आहे, तोवर १८८५ संपले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मतभेद अवश्य मांडा. फक्त त्यापूर्वी कलम ५ आणि कलम २० एकमेकांशेजारी ठेवून एकदा वाचा. दोन्ही मिळून वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

(धागा समाप्त)